मीठ कोणत्या डोंगरात भेटते?

आज ज्याला आपण एटापल्ली तालुका म्हणतो, त्या भागातल्या एका दोन-शिक्षकी शाळेत मी नोकरीची सुरुवातीची काही वर्षे काढली. तेव्हा गडचिरोली जिल्हा व्हायचा होता (तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला). सगळा मुलूख चंद्रपुरात मोडायचा आणि जुनी माणसे चंद्रपूरला चांदाच म्हणायची. माझा विषय इतिहास. पण दोन-शिक्षकी शाळेत विषय-बिषय काही नसतो, हाती येईल ते पुस्तक शिकवायचे.

एकदा भूगोलात खनिजांचा धडा चालू होता. लोहखनिज कोठे सापडते, तर चंद्रपूर आणि रत्नागिरी. मी म्हटले, "अरे, हे आपल्याच सुरजागडच्या डोंगराबद्दल लिहिलंय." दुसऱ्या दिवशी एक माडिया मुलगा तिकडचा दगड घेऊन आला. काळपट तांबडा, तळहातावर ठेवला की मनगट खाली जावे इतका जड. त्याने तो एका फुटक्या खापरावर घासून दाखवला. लालभडक रेघ उठली. पुढे कळले की हेमॅटाइट ओळखायची भूशास्त्रज्ञांचीही तीच रीत आहे. त्या पोराला ती कोणी शिकवली होती कोण जाणे! मी मोठ्या उत्साहाने लोखंडाचे महत्त्व सांगू लागलो. त्याला त्यात नवल वाटेना. लोखंड तर तिथे आहेच, हे त्याला माझ्याआधीपासून माहीत होते. माझे संपल्यावर त्याने विचारले,

"गुरुजी, मीठ कोणत्या डोंगरात भेटते?"

मी हसलो. म्हटले, "मीठ डोंगरात नसतं रे, समुद्रात असतं." मग फळ्यावर मिठागर काढले, वाफे काढले, भरतीचे पाणी, ऊन, सगळे समजावले. मंडळी, खरे सांगायचे तर तोवर मीही समुद्र पाहिला नव्हता. पुस्तकातले पुस्तकी सांगितले. मुलाने मान हलवली आणि खाली बसला.

उत्तर चूक होते. चतुर्थी-एकादशीला ज्या घरात सैंधव शिजायचे त्या घरातला मी, आणि मीठ डोंगरात नसते असे सांगून मोकळा झालो! सैंधव म्हणजे सिंधूच्या मुलखातले. ते पंजाबच्या मिठाच्या डोंगररांगेतून येते, खेवड्याच्या खाणीतून. आपल्या हिमाचलात मंडीजवळही खडकातले मीठ निघते. चूक लक्षात आली तेव्हा माझी बदली होऊन गेलेली होती. मग मात्र मी मिठाच्या मागेच लागलो, निवृत्तीनंतर तर जास्तच. शोधता शोधता असे दिसले की मीठ समुद्रात असते हे माझे वाक्यही अर्धवटच होते. ते समुद्राच्या तळाखालच्या खडकातही असते आणि माणसे ते तिथे शोधायला जातात.

कोट्यवधी वर्षांपूर्वी जे उथळ समुद्र आटले, त्यांच्या मिठाचे थर गाळाखाली दबून राहिले. उत्तर समुद्राच्या तळाखाली असा पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा थर आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या बोल्बी नावाच्या खाणीचे बोगदे जमिनीवरून सुरू होतात आणि समुद्राखाली जातात. मीठ भोवतालच्या खडकापेक्षा हलके, आणि दाबाखाली ते अगदी सावकाश वाहते. त्यामुळे ते वरचे थर उचलत घुमटासारखे वर येते. त्याच्या कडेला तेल आणि वायू अडकून राहतो, म्हणून तेलवाल्यांनाही ते हवे असते. शोधायचे कसे? जहाजातून पाण्यात हवेचा दणका द्यायचा आणि तळाखालच्या थरांवर आपटून परत आलेला नाद मागे ओढलेल्या लांब तारांवर टिपायचा. मिठातून नाद जलद धावतो, त्यावरून ओळखतात. मुंबईजवळच्या समुद्रातही १९६० नंतरच्या दशकात नादाच्या अशाच पाहणीवरून तेलाची जागा हेरली गेली आणि १९७४ साली 'सागर सम्राट'ने तिथे भोक पाडले. कधी कधी उलटेही होते. कॅनडात ह्युरॉन सरोवराच्या काठी गोडरिच येथे १८६६ साली तेलासाठी खणत होते, लागले मीठ. आज त्या सरोवराखाली मिठाची प्रचंड खाण आहे.

हे वाचताना मला सारखा आमचा चांदा आठवत होता. कारण आमच्याकडेही दोन शोध चालले होते. बाहेरचे लोक लोखंड शोधत आत येत होते, आणि आतले लोक मीठ शोधत बाजारापर्यंत चालत जात होते. पहिल्या शोधावर पुस्तके आहेत. दुसऱ्याबद्दल इथे-तिथे एखादी ओळ सापडते.

पहिला शोध आधी सांगतो, कारण तो आपल्या नागपूरशी फार जवळून जोडलेला आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. १८८२ साली त्यांच्या हाती रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल पडला. विषय होता चांदा जिल्ह्यात लोखंडाचा कारखाना काढणे परवडेल का. जमशेटजी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. अहवालात लोहाऱ्याच्या डोंगराची वाखाणणी होती. हा लोहारा म्हणजे चंद्रपूर शहराला लागून असलेला नव्हे, सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडचा, वैनगंगेच्या अलीकडचा. गावाचे नावच लोहारा, तेव्हा तिथे लोखंड आहे हे सांगायला जर्मनीहून कोणी यायची गरज होती का, असा एक खवचट प्रश्न माझ्या मनात येतो. भूशास्त्र खात्याची माणसे जंगलात हिंडताना गावच्या लोहारभट्ट्या आणि त्यांच्या मळीचे ढीग पाहत पाहतच खाणीच्या जागा शोधत. व्हेरिअर एल्विनने १९४२ साली एक अख्खे पुस्तक अगारिया या लोखंड गाळणाऱ्या जमातीवर लिहिले. पण त्या भट्टीतून कुऱ्हाड, विळा, बाणाचे पाते निघे, रेल्वेचा रूळ निघत नसे. फरक तेवढाच, पण तो मोठा होता हेही कबूल केले पाहिजे.

लोखंड होते, जवळच वरोऱ्याला सरकारी कोळशाची खाणही होती. मग अडले कुठे? झोतभट्टीत कोळसा तसाच टाकून चालत नाही. आधी त्याचा कोक करावा लागतो. वर खनिजाचा मणामणांचा थर असताना तो भुगा न होता उभा राहिला पाहिजे, म्हणजे खालून हवा खेळते. वरोऱ्याच्या कोळशाचा तसा कोक होईना. जमशेटजींनी तो जर्मनीत नेऊन तपासून घेतला, निकाल वाईट आला. त्यात सरकारचे खाणपरवान्याचे नियम जाचक. बेत बासनात गेला. तो पुन्हा उघडला १८९९ साली, लॉर्ड कर्झनने नियम सैल केल्यावर. १९०२ साली जमशेटजी अमेरिकेला गेले, पेरिन नावाच्या अभियंत्याला त्यांनी गाठले आणि पेरिनने आपला सहकारी वेल्ड याला हिंदुस्थानात धाडले.

मग वेल्ड, जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आणि भाचे शापुरजी सकलातवाला असे तिघे बैलगाड्या घेऊन चांद्याच्या जंगलात शिरले. (हे शापुरजी पुढे विलायतेत गेले, कम्युनिस्ट झाले आणि १९२२ साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून आले. ज्या जिल्ह्यात त्यांनी टाटांसाठी लोखंड शोधले, त्याच जिल्ह्यात पाऊणशे वर्षांनी लाल झेंडेवाले बंदुका घेऊन आले. इतिहासाला अशा खोड्या काढायची सवय आहे.) लोहाऱ्याचे खनिज वेल्डला उत्तम वाटले, पण थोडे आणि विखुरलेले. मोठा कारखाना त्यावर चालणार नाही, असे त्याने साफ सांगितले.

आता पुढची गोष्ट मला फार आवडते. चांद्याचा नाद सोडल्याचे सरकारला कळवायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. ज्या साहेबाला भेटायचे तो जागेवर नव्हता. वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले, म्हणजे आपल्या अजबबंगल्यात. तिथे मध्यप्रांताचा भूशास्त्रीय नकाशा लावलेला होता आणि दुर्गकडचा भाग लोखंडाच्या खुणेने गडद रंगवलेला होता. ते प्रमथनाथ बोस यांचे १८८७ सालचे काम. भूशास्त्र खात्याने ते छापूनही ठेवले होते, कोणी वाचले नव्हते. तिघे दल्ली-राजहऱ्याला गेले. पायाखालचा डोंगर धातूसारखा वाजत होता, असे वर्णन आहे. तिथेही कोळसा लांब पडला. शेवटी याच बोसांनी २४ फेब्रुवारी १९०४ रोजी पत्र पाठवून मयूरभंजच्या लोखंडाची खबर दिली, आणि कारखाना गेला साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. जमशेटजी ते पाहायला राहिले नाहीत. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. दल्ली-राजहरा पुढे भिलाईच्या कामी आला.

आणि सुरजागड? तो वैनगंगेच्या पलीकडे, घनदाट जंगलात, ना रेल्वे ना रस्ता. चांदा सुटला म्हणून सुरजागड सुटला. शंभर वर्षे सुटला.

आता मिठाकडे येतो. ज्या १८८२ साली श्वार्ट्झचा अहवाल आला, त्याच साली सरकारने मिठावरचा कर मणाला दोन रुपये असा सगळीकडे सारखा केला. १८८८ मध्ये तो अडीच रुपये झाला. त्याआधी तर मिठाची चोरटी ने-आण रोखण्यासाठी देशाच्या मधोमध जकातीची सीमारेषाच होती, सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २३०० मैल, राखायला बारा हजारांच्या घरात माणसे, आणि बऱ्याच लांबीवर काटेरी झाडांचे जिवंत कुंपण. ती १८७९ साली उठली. रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रजाने हे कुंपण शोधत फिरून २००१ साली त्यावर पुस्तक लिहिले.

आमच्या मुलखात मीठ बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून यायचे. येताना मीठ, जाताना धान्य. इंग्रजांनी यावर एक भव्य तोडगा काढला होता, त्याची आठवण आज सिरोंच्यातही फारशी कोणाला नाही. गोदावरी बांधांनी आणि कालव्यांनी अडवून थेट वर्धा नदीपर्यंत नावा चालवायच्या. खाली वऱ्हाडचा कापूस समुद्राकडे, वर समुद्राचे मीठ आमच्याकडे! सर आर्थर कॉटन यांनी ही कल्पना जोराने मांडली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा काम जोरात सुरू झाले. सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे झाले. पण नदी उन्हाळ्यात आटते, खडक फुटत नाहीत, मजूर तापाने पडतात, आणि १८६७ साली रेल्वे नागपूरला येऊन पोचली. १८७१ साली योजना गुंडाळली. १८७४ साली तो जिल्हाच मोडून सिरोंचा चांद्याला जोडला. समुद्राचे मीठ नावेतून काही आले नाही.

गंमत अशी की मीठ विदर्भाच्या जमिनीखालीही होते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, अमरावती-अकोला-बुलडाण्याचा. तिथल्या विहिरींच्या खाऱ्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढीत. इंग्रजी अमलात ते बंद पडले. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचलले, तेव्हा समुद्र नसलेल्या विदर्भाने सत्याग्रह करायचा कुठे? एप्रिलमध्ये अकोल्याजवळच्या दहीहांड्याला त्याच खाऱ्या विहिरींच्या पाण्याचे मीठ करून कायदा मोडला. मग १० जुलैला लोकनायक अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह सुरू केला. वर्गात मी हे दरवर्षी शिकवले. पण माडियांच्या पोरांपुढे शिकवताना मात्र अडखळायला व्हायचे. कारण त्यांच्याकडे जंगल होते आणि मीठ नव्हते, आणि १९४७ साली कर रद्द होऊनही त्यांच्यासाठी मीठ काही स्वस्त झालेले नव्हते.

ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आठवडी बाजाराला माणसे पहाटे निघून जंगलातून चालत यायची. डोक्यावर चारोळी, मोह, डिंक, हिरडा. चारोळी म्हणजे उन्हात गोळा करायची, भिजवायची, चोळायची, फोडायची, निवडायची. एका पायलीमागे घरभर माणसांचे कितीतरी दिवस. व्यापारी तेच माप उलटे करून त्यात मीठ भरायचा आणि द्यायचा. माप भरताना हात कसा ठेवायचा याचीही कला असते. चारोळी घेताना शीग, मीठ देताना सपाट. मी तिथे उभा असायचो. पगारदार मास्तर, पिशवीत भाजी घेऊन. एकदाही बोललो नाही. एकदा त्या मुलाची आई मीठ घेताना दिसली. तिने पानांच्या द्रोणात ते असे घट्ट बांधले की एक खडा सांडला नाही. मुलगा शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले. तेव्हा मला त्याचा प्रश्न कळला. कुठल्या तरी डोंगरात मीठ असते तर तो स्वतः जाऊन काढून आणणार होता. जसे लोखंड आणले तसे.

त्यांच्या लेखी सुरजागडची ओळख लोखंडाचा डोंगर अशी नव्हतीच. वर ठाकूरदेव आहे. सत्तर गावांचा इलाका त्याला मानतो, दर जानेवारीत जत्रा भरते. डोंगरावरच्या जुन्या किल्ल्याशी वीर बाबुराव शेडमाके यांचे नाव जोडतात. १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठलेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फासावर गेलेले बाबुराव.

पुढचे बहुतेकांना वर्तमानपत्रांतून ठाऊक आहे. २००७ साली सुरजागडवरची सुमारे ३४८ हेक्टर जागा लॉईड्स मेटल्सला खाणपट्ट्याने मिळाली. २०१३ च्या जूनमध्ये माओवाद्यांनी कंपनीच्या उपाध्यक्षांसह तिघांना ठार केले. २०१६ साली खणणे सुरू झाले, त्याच डिसेंबरात सत्तरहून अधिक वाहने जाळली. २०२१ पासून काम पुन्हा जोरात सुरू झाले. २०२३ मध्ये वर्षाला तीस लाखांवरून एक कोटी टनांची परवानगी मिळाली. त्याच वर्षी आणखी खाणी नकोत म्हणून तोडगट्ट्याला गावकरी कित्येक महिने ठाण मांडून बसले होते. नोव्हेंबरात ते आंदोलन उठवले गेले. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला. २०२५ साली हेडरीपासून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरचा नळ सुरू झाला. त्यातून डोंगराचा भुगा पाण्यात कालवून वाहतो. आर्थर कॉटनला नदीतून जे जमले नाही ते नळातून जमले, फक्त उलट्या दिशेने.

मला यात सोपे मत देता येत नाही. खाणीला विरोध करणारे माझे विद्यार्थी आहेत आणि खाणीवर डंपर चालवणारेही आहेत. पगाराचा पैसा हाती आला की माणूस बाजारात मान वर करून उभा राहतो, हे मी पाहिले. रस्त्यावरच्या लाल धुळीत माखलेले धानही पाहिले. पण एक गोष्ट मास्तर म्हणून खटकते. शोध लागला, शोध लागला, असे आपण म्हणतो. नकाशावर ठिपका पडला तो दिवस आपण शोधाचा दिवस मानतो. दल्ली-राजहऱ्याचा ठिपका कित्येक वर्षे छापून पडला होता आणि सुरजागडचा दगड एका पोराच्या पिशवीत होता. ज्यांना आधीपासून माहीत होते त्यांना मोबदल्यात काय हवे, हे विचारायची पाळी सगळ्यात शेवटी येते. ग्रामसभेचा कायदा १९९६ चा, वनहक्काचा २००६ चा. श्वार्ट्झच्या अहवालानंतर एवढ्या वर्षांनी.

तो मुलगा आता आजोबा झाला आहे. मागच्या पावसाळ्यात कोणाकडून तरी नंबर मिळवून त्याने फोन केला. मी पहिल्यांदा काय बोललो असेन तर, "अरे, मी तुला चुकीचं सांगितलं होतं." त्याला आठवेना. मग प्रश्न सांगितला तेव्हा तो खूप हसला. मी खेवड्याचे सांगितले, मंडीचे सांगितले, समुद्राच्या तळाखालच्या खाणीचे सांगितले. तो नीट ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे भेटते डोंगरात."

"भेटते."

"मग गुरुजी, त्या डोंगराचा देव कोणता?"

मी म्हटले, खेवड्याच्या खाणीत मिठाच्या विटांची मशीद आहे, आतून दिवा लावला की भिंती लाल-गुलाबी दिसतात. आणि पोलंडमध्ये विएलिच्का म्हणून जुनी खाण आहे, तिथे शंभर मीटर खोल, मिठातच कोरलेले संत किंगाचे देऊळ आहे, तिथल्या खाणकामगारांनीच कोरलेले. पलीकडून "हं" असे काहीतरी आले, आणि रेंज गेली. त्या बाजूला पावसाळ्यात ती जातेच.